ठिसूळ कातळाची बखर : सीताबर्डीपासून कोकणकड्यापर्यंत

१/
नागपूरहून पश्चिमेकडे निघाले की जमिनीचा रंग बदलू लागतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. रस्त्यासाठी जिथे टेकडी कापली आहे, तिथे वाटोळे धोंडे उघडे पडलेले दिसतात. त्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटलेले असतात. मधल्या गाभ्यावर घण आपटला तर हाताला झिणझिण्या येतात. बाहेरचा पापुद्रा मात्र नुसत्या बोटाने निघतो. दगड एकच, वयही एकच.

मराठी इतिहासलेखनात हा दगड अभेद्यतेचे प्रतीक म्हणून येतो. जे लोक गेली ७० वर्षे त्याला दोर लावून चढत आहेत, त्यांची त्याच्याशी झालेली ओळख निराळी आहे. त्यांच्या लेखी तो हातात येतो, हलतो आणि कधी कधी निखळून खाली जातो. हा धागा त्या दुसऱ्या ओळखीविषयी आहे.

२/
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. भूशास्त्रात त्याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. लांबून पाहिलेला सह्याद्री खरोखरच पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी.

या पसाऱ्याची पूर्वेकडची कड नागपुरापाशी येते. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. रामटेकची टेकडी त्या जुन्या कुळातली. पश्चिम घाटात हजार मीटरांहून अधिक जाडीचा असलेला हा थर इथे येईपर्यंत पातळ होत जातो. म्हणजे कोकणकडा आणि सीताबर्डीची टेकडी ही एकाच घराण्याची दोन टोके आहेत.

३/
या घराण्याचे सुरुवातीचे एक बारकाईचे वाचन नागपुरात झाले, ही गोष्ट नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचे महाविद्यालय शहरात आहे) आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळी परिसरात दोन लाव्हाथरांच्या मध्ये गाळाचा एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष होते. १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूरचनेवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्या शंखांचा अर्थ मोठा होता. एक लोट थंडावल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये काळ गेला होता. त्या अवधीत तळी साचली, झाडे उगवली, जीव जगले. ज्वालामुखीने घेतलेला तो विसावा होता.

४/
विसाव्याच्या या पट्ट्या सह्याद्रीतही आहेत. तिथे दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा, मातीसारखा मऊ पट्टा दिसतो. त्याशिवाय प्रत्येक लोटाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. त्या छिद्रांत पुढे पांढरे स्फटिक भरतात, पाणी मुरते आणि दगड भुसभुशीत होतो. लोटाचा मधला भाग मात्र घट्ट राहतो.

कड्यावर चढणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३० फूट पकडी चांगल्या मिळतात, मग अचानक हाताखाली भुकटी येते, पायाखालचा दगड खाली निघून जातो, आणि कळते की पट्टी बदलली. भूशास्त्रज्ञाला जिथे जीवाश्म मिळण्याची आशा असते, तिथेच आरोहकाच्या पोटात गोळा येतो.

५/
या दगडावर चढण्याची परंपरा आधुनिक क्लबांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले. १७व्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीतील वर्णन थोडक्यात असे: कडे चढण्यात तरबेज असे दोन मावळे निवडले गेले, ते आधी वर गेले, त्यांनी वरून 'माळ' लावली आणि मग बाकीचे लोक त्या आधाराने चढले.

आजच्या कुठल्याही प्रस्तरारोहकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. सर्वांत कसलेला माणूस पुढे जातो, वर भक्कम जागा शोधून दोर बांधतो आणि मागच्यांना वर घेतो. साडेतीनशे वर्षांत साधने बदलली. क्रम तोच राहिला.

६/
मग घोरपडीचे काय? कमरेला दोर बांधलेली यशवंती घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात येते. सभासदाच्या वर्णनात ती नाही. पोवाडा हा ऐकणाऱ्याला रोमांचित करण्यासाठी रचलेला असतो आणि त्या कामात तो यशस्वी झाला, इतका की घोरपड राहिली आणि ते दोन मावळे विसरले गेले. त्यांची नावेही कुणी सांगत नाही.

हा तोटा लहान नाही. घोरपड स्वीकारली की त्या रात्रीचे श्रेय एका प्राण्याच्या नखांना जाते. माळ स्वीकारली की ते दोन माणसांच्या कौशल्याला जाते. अंधारात, जानेवारी-फेब्रुवारीच्या गारठ्यात, ठिसूळ दगडावर प्रत्येक पकड चाचपून पुढे जाणारी ती माणसे होती. हात घालण्याआधी दगड ठोकून पाहणे आणि विश्वास ठेवण्याआधी साधन तपासून पाहणे, या दोन गोष्टी एकाच शिस्तीच्या आहेत.

७/
दगड नैसर्गिक असला तरी त्याची दुर्गमता पुष्कळ ठिकाणी माणसाने घडवलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (१७१५) गडासमोर दुसरी टेकडी असू नये, असली तर सुरुंग लावून ती कमी करावी, असा उपदेश आहे. डोंगर हा घडवण्याचा विषय आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

१८१८ नंतर हीच दृष्टी उलट्या दिशेने वापरली गेली. खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी किल्ल्यांची पाहणी केली, आणि पुन्हा बंडाला आसरा मिळू नये म्हणून अनेक गडांच्या पायऱ्या व दरवाजे उद्ध्वस्त करण्यात आले. नाशिक-नगर सीमेवरच्या अलंग आणि मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांची गोष्ट परिसरात याच संदर्भात सांगितली जाते. आज तिथे दोर लावल्यावाचून जाता येत नाही. तिथल्या 'चढाईच्या वाटा' मुळात मोडलेले रस्ते आहेत.

८/
विदर्भाच्या वाट्यालाही एक असा चढ आहे. अडगावच्या लढाईनंतर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या फौजेने रघूजी भोसले (दुसरे) यांच्या गाविलगडावर हल्ला केला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले. पण आत गेल्यावर कळले की खरा किल्ला पुढेच आहे, आणि मध्ये खोल घळ आहे. त्या वेळी कॅप्टन कॅम्पबेल यांची तुकडी घळीत उतरली, समोरचा उतार चढली, आतल्या तटाला शिड्या लावून वर गेली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून कटक व वऱ्हाडचा मोठा प्रदेश गेला.

कोंढाण्याचा कडा पोवाड्यात गेला, गाविलगडाची घळ पराभूतांच्या वाट्याला आली. म्हणून चिखलदऱ्याला जाणारे पुष्कळ पर्यटक तिच्या काठावर उभे राहून छायाचित्र काढतात आणि तिथे काय घडले हे न कळताच परततात.

९/
याच वेलस्लींना पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी मिळाली. त्यांचे नाक लांब आणि बाकदार होते. खंडाळ्याच्या घाटात पुढे झुकलेल्या एका सुळक्याला त्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' म्हणू लागले. खालच्या गावांनी त्याला आधीपासून 'नागफणी' म्हटले होते.

गाविलगड घेणाऱ्याचे नाक खंडाळ्यात, आणि त्या नाकावर दोर टाकून सराव करणारी मराठी पोरे. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्याने एखाद्या रविवारी तिथे जाऊन पाहावे.

१०/
आधुनिक प्रस्तरारोहणाची मराठी परंपरा १९५० च्या दशकात आकाराला आली. १९५३ साली एव्हरेस्टवर पाऊल पडले. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उघडली, आणि त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार'ची स्थापना झाली. मुंब्र्याचा डोंगर, कान्हेरीचे खडक, खंडाळ्याचे कडे ही या मंडळींची शाळा झाली.

शनिवारी नोकरी उरकून रात्रीची कर्जत किंवा कसारा लोकल पकडायची, पहाटे पायथ्याचे गाव गाठायचे, दिवसभर कड्याशी झुंजायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा कचेरीत हजर व्हायचे. पायात कॅनव्हासचे हंटर बूट, पाठीवर सगळ्यांत मिळून एकच दोर. आयात केलेली साधने परवडण्याजोगी नव्हती. जे होते ते जपून, दुरुस्त करून आणि उसने मागून वापरले जाई.

११/
या मंडळींनी एकेक सुळका आणि कडा उलगडला. जीवधनच्या बाजूचा वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी, तैलबैल्याच्या जुळ्या भिंती, रायगड आणि तोरण्याच्या दरम्यानचा लिंगाणा. १९८० च्या दशकात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही चढला गेला. वाटीसारख्या आत वळलेल्या याच कड्यावरून कर्नल साइक्स यांनी पाहिलेल्या 'इंद्रवज्रा'ची, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्याची, नोंद १८३५ सालची आहे.

ठिसूळ दगडावर शिकलेली ही पिढी हिमालयातही गेली. १९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली गिरिविहारची मोहीम ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर गेली होती.

१२/
या दगडावर चढायचे कसे? ग्रॅनाइटला लांब, सरळ भेगा असतात; त्यांत साधन अडकवले की ते धरते. बेसाल्टच्या भेगा तुटक, आणि पुष्कळदा दोन सुट्या धोंड्यांमधल्या असतात. तिथे पाचर ठोकली तर ती धरण्याऐवजी धोंडाच उचकटते.

म्हणून आघाडीचा आरोहक आधी दगडाचा आवाज ऐकतो. मुठीने किंवा हातोडीने हलकेच ठोकायचे. ठणक आवाज आला तर दगड डोंगराचा. बद्द आवाज आला तर तो नुसता टेकलेला. पकड बाहेर ओढायची नाही, खाली दाबायची. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी जागेवर. खाली दोर सांभाळणाऱ्याने थेट रेषेत उभे राहायचे नाही. दगड सुटला की क्षणाचाही विलंब न लावता ओरडायचे. गवताच्या झुबक्यावर भरवसा ठेवायचा नाही, मग तो कितीही हिरवा असो.

१३/
हे ज्ञान पावसाळ्याशी बांधलेले आहे. चार महिने पाणी भेगांत शिरते, माती धुऊन नेते. मग ऊन तापते आणि दगड पुन्हा सैल होतो. नोव्हेंबरात कड्याशी परतणाऱ्या आरोहकाला गेल्या वर्षीची वाट जशीच्या तशी मिळेल, याची खात्री नसते. ज्या पकडीवर मागच्या वेळी सगळा भार टाकला होता, तिथे आता फक्त फिकट रंगाचा ताजा खळगा दिसतो.

त्यामुळे इथे वाटेचे वर्णन कायमचे असू शकत नाही. ते दरवर्षी पारखून घ्यावे लागते. 'डावीकडच्या झाडाखालचा मोठा धोंडा हलतो, त्याला हात लावू नकोस' हे वाक्य एका पिढीने दुसऱ्या पिढीला कड्याच्या पायथ्याशी, चहा पिता पिता सांगितलेले असते. ते क्वचितच कुठे छापलेले असते. ते ऐकले नाही, तर त्याची किंमत माणूस देतो.

१४/
जगात अन्यत्र अशा दगडाशी लोकांनी कसे जुळवून घेतले? जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या एल्बे खोऱ्यात वालुकाश्माचे सुळके आहेत. तो दगडही मऊ आहे, आणि ओला झाला की त्याची ताकद घटते. तिथल्या आरोहकांनी फार लवकर स्वतःला नियम घालून घेतले. रूडोल्फ फेअरमान यांनी तिथल्या सुळक्यांचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि १९१३ च्या आवृत्तीत त्या नियमांना लिखित रूप दिले. आजही तिथे धातूच्या पाचरी चालत नाहीत. दोरांच्या गाठी भेगांत अडकवल्या जातात, आणि पावसानंतर दगड वाळेपर्यंत चढाई थांबवतात.

सह्याद्रीत नियम नाहीत असे नाही. ते बोलण्यात आहेत, वागण्यात आहेत, संस्थेसंस्थेगणिक थोडे वेगळे आहेत. एल्बेच्या नियमांना शंभराहून अधिक वर्षांची लिखित स्मृती आहे, इतकाच फरक. तो फरक छोटा वाटतो. पण त्यामुळे तिथे वाद घालताना दोन्ही पक्षांना एकाच कागदावर बोट ठेवता येते.

१५/
वाद इथेही आहेत, आणि त्यांतला मोठा वाद बोल्टचा. पूर्वी हातोडी आणि छिन्नीने एकेक छिद्र पाडावे लागे. कड्यावर लटकून, एका हाताने छिन्नी धरून, घामाघूम होऊन. त्यामुळे आरोहक दहा वेळा विचार करी: इथे मेख खरेच हवी का? आता विजेरीवर चालणारी यंत्रे तेच काम काही क्षणांत करतात.

एक बाजू म्हणते, ठिसूळ दगडात भक्कम बोल्ट हाच माणुसकीचा मार्ग आहे. कुणाच्या तरी मुलाचा जीव कौशल्याच्या अभिमानापेक्षा मोठा आहे. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक छिद्रात पाणी शिरते, दगड आणखी कमजोर होतो, आणि गंजलेला जुना बोल्ट पाहून नवशिक्याला खोटी खात्री वाटते. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. तो बोल्ट कोणी, कधी, कोणत्या थरात आणि किती खोल मारला, हे मात्र बहुतेकदा कुणालाच सांगता येत नाही.

१६/
आता या वादात तिसरा पक्षही आहे. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड आहेत. वारसा म्हणजे नुसते बुरूज आणि दरवाजे नव्हेत, त्यांच्याखालचा कडाही आहे, कारण या किल्ल्यांचा निम्मा तट निसर्गानेच बांधलेला आहे. त्या कड्यात छिद्र पाडणे म्हणजे तटात छिद्र पाडणे का? आणि सगळी चढाई बंद केली, तर ज्या कौशल्याने हे किल्ले घेतले आणि राखले, ते कौशल्य वारशातून वगळायचे का?

राज्य शासनाने २०२१ साली साहसी उपक्रमांचे धोरण आणले. त्यात नोंदणी आणि सुरक्षिततेचा विचार आहे. कोणत्या कड्याच्या दगडाला किती सोसेल, हे मात्र कड्याशी नाते असलेल्यांनाच सांगावे लागेल, आणि त्यासाठी त्यांच्याकडे लिहिलेले काही असावे लागेल.

१७/
दरम्यान नवी पिढी दुसऱ्या भिंतीवर वाढते आहे. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा जागतिक चषक भरला, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. कृत्रिम भिंतीवरची प्लास्टिकची पकड निखळत नाही. तिच्यावर बोटांची ताकद, तोल, चपळाई सगळे घडते, आणि ही मुले जुन्या पिढीला अशक्य वाटणाऱ्या हालचाली सहज करतात.

त्या भिंतीवर एकच गोष्ट शिकता येत नाही: पकडीवर संशय घेणे. ती शिकवण्यासाठी मुंब्र्याला किंवा तैलबैल्याला जावे लागते, आणि सोबत ठोकून ऐकायला शिकवणारा कुणीतरी असावा लागतो. ज्यांनी १९६०-७० च्या दशकांत पहिले दोर लावले, त्यांतले अनेक आज सत्तरी-ऐंशीत आहेत, काही निघून गेले. त्यांच्या वह्या, हाताने काढलेले कड्यांचे नकाशे, मोहिमांचे अहवाल कपाटांत आणि माळ्यांवर आहेत.

१८/
शेवटी पुन्हा नागपूर. सप्टेंबर १८६३ मध्ये हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना भर पावसात नदीला पूर आला होता आणि तो ओलांडताना ते बुडाले. त्यांनी जमवलेली माहिती त्यांच्याबरोबरच संपायची. पण त्यांची टिपणे शोधून, जुळवून रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांतले आदिवासी समाजांविषयीचे लेखन प्रसिद्ध केले. म्हणून ते आज वाचता येते.

कोंढाण्याच्या त्या दोन मावळ्यांच्या वाट्याला असा कुणी आला नाही. ते कुठल्या घळीतून गेले, कोणता दगड हलला, माळ कशाला बांधली, हे आता कधीच कळणार नाही, आणि त्या रिकाम्या जागी घोरपड येऊन बसली.

सह्याद्रीच्या आरोहकांची बखर अजून लिहिता येण्याजोगी आहे. ती लिहिणारी माणसे हयात आहेत. ज्यांच्या घरात, ओळखीत किंवा शेजारी असा कुणी काका, आजोबा, मावशी असेल, त्यांनी या रविवारी त्यांच्याकडे जावे, माळ्यावरची वही खाली काढायला सांगावी, आणि पहिला प्रश्न साधाच विचारावा: कोणता दगड हलत होता?